टिचबटणं, जर आणि आक्कांची उशी

मोबाइल उशीखाली ठेवून झोपायची सवय आक्कांना दोन वर्षांपूर्वी लागली. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८. काचबिंदूने एक डोळा गेलाय, दुसऱ्याने फक्त उजेड आणि अंधार कळतो. दिवस माणसांच्या आवाजावर निघून जातो, रात्र मात्र जाता जात नाही. मिरजेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आक्का आणि माझी लेक झोपतात. रात्री दोनला आक्कांनी हरिपाठ लावला की लेकीची झोपमोड होते, आणि नाही लावला की आक्का पहाटेपर्यंत कूस बदलत राहतात. इअरफोन देऊन बघितले. कुशीवर झोपलं की ते कानात रुततात. म्हणून मग मोबाइल उशीखाली गेला. तिथं तो तापायचा, कारण चारी बाजूंनी कापूस आणि गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. शिवाय चाचपताना कुठंतरी बोट लागायचं आणि पहाटे तीनला नात्यातल्या कुणाला तरी फोन जायचा.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, आणि गेली काही वर्षं पिशव्या, अभ्रे, तक्के, लोड. लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. एका रात्री झोपमोड झाल्यावर उठून बसली आणि म्हणाली, "आई, तू उशी शिव, मी आवाज बसवते." आठ दिवसांत होईल असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं. पाच महिने लागले.

पहिली उशी सरळ होती. जुन्या टेबल रेडिओचा स्पीकर काढला, शेवरीच्या कापसाच्या उशीची शिवण उसवून मधोमध घातला, वायर बाहेर काढली आणि परत शिवली. आक्कांनी डोकं टेकलं आणि लगेच उचललं. "अगं, उशीत दगड घातलाईस का?" आवाजही धड नव्हता. शब्द असे यायचे की शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय. आवाजाचा बारीक, टोकदार भाग कापूस पिऊन टाकतो आणि जाड, घुमणारा भाग तेवढा पलीकडे सोडतो. त्या टोकदार भागावरच तर 'स', 'त', 'च' ही अक्षरं ओळखू येतात. म्हातारपणी नेमका तोच भाग ऐकू येणं आधी कमी होतं. म्हणजे कापसाने एकदा गाळलेलं आक्कांचा कान पुन्हा गाळत होता. स्पीकर कापसात नको, कापूस आणि कान यांच्या मधे हवा, एवढं पहिल्या उशीने शिकवलं.

वरून कापड कुठलं घ्यायचं याची परीक्षा लेकीने मला सांगितली आणि ती मी आता गिऱ्हाइकांच्या कामातसुद्धा वापरते. कापड ओठांना लावायचं आणि फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर आवाजही पार होतो. सांगलीच्या कापड पेठेतून आणलेले सात-आठ तुकडे मी असे फुंकून बघितले. साटीन नापास, जाड पॉपलिन नापास, जुनं धुऊन धुऊन विरलेलं मलमल पहिल्या नंबराने पास. शेवटी अभ्र्याच्या वरच्या थराला आक्कांच्याच एका जुनेराचं कापड लावलं.

मग लेकीने विजेचा दोरा मागवला. स्टेनलेस स्टीलच्या अतिबारीक तंतूंना पीळ देऊन केलेला असतो. दिसायला राखाडी, हाताला थोडा खरखरीत, आणि सुईत ओवता येतो. मला तो हातात घेतल्यापासून आनंद झाला होता. वायर नको, सोल्डर नको, धावदोरा घालत गेलं की वीज जाणार! मी अभ्र्याच्या कडेपासून मधल्या स्पीकरपर्यंत दोन रांगा घातल्या, एक जायची आणि एक यायची. लेकीने बाजा, म्हणजे गाणी वाजवणारं यंत्र, जोडला आणि आवाज अगदीच क्षीण आला. स्पीकर बिघडला म्हणून आम्ही दुसरा लावला, तरी तेच.

वीज मोजायचं मीटर लावल्यावर कळलं. माझ्या दोन रांगांचा मिळून अडथळा ३० ओहम (ओहम हे अडथळ्याचं माप) भरला आणि स्पीकर होता ८ ओहमचा. वीज वाटेत जास्त अडते तिथंच खर्ची पडते. लेकीने वहीत मांडून दाखवलं की साध्या तांब्याच्या वायरने स्पीकरला जेवढी ताकद मिळाली असती, त्यातले शंभरातले चार-पाच भागच आता त्याच्यापर्यंत पोचत होते. स्टीलच्या दोऱ्याला डागही बसत नाही, सोल्डर त्याला धरतच नाही, गाठच मारावी लागते. आणि त्या गाठीतून सुटलेला एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या रांगेला चिकटला की शॉर्ट. मी दोन दिवस घालवून घातलेला तो धावदोरा उसवला. दोरा मात्र टाकला नाही. पुढं त्याचं काम निघालंच, ते सांगते.

याच दरम्यान एका दुपारी लेक मीटर घेऊन घरभर फिरत होती, कशाकशातून वीज जाते ते बघत. आक्कांच्या लग्नातला शालू ट्रंकेत आहे. तिने पदराच्या जरीवर मीटरच्या दोन पिना दोन बोटांच्या अंतरावर टेकवल्या आणि मीटर वाजलं. मग माझ्या अलीकडच्या साडीच्या काठावर टेकवल्या, काही नाही. आक्का खाटेवरून विचारत होत्या, "काय वाजलं गं?" लेकीने त्यांचा हात धरून शालूवर ठेवला आणि पुन्हा वाजवून दाखवलं.

जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार वेढलेली आणि वरून सोन्याचा मुलामा. आजच्या स्वस्त जरीत प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा नुसता फवारा असतो आणि वरून व्हार्निशसारखं अस्तर, म्हणून ती गप्प. एवढ्यावर थांबले नाही मी. जुना स्पीकर उघडून बघितला. कागदी भोंग्याकडे जाणाऱ्या दोन लवचिक तारा असतात ना, वेणीसारख्या, लाखो वेळा हलूनही न तुटणाऱ्या? त्यातली एक मी ब्लेडने उकलली. आत सुती धागा आणि त्यावर तांब्याची चपटी पत्री गोल गोल वेढलेली. म्हणजे जरच! पुष्कळ हेडफोनच्या वायरीतही अशीच तार असते. लेकीने मग कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शोधताना वाचून दाखवलं की १९९७ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मॅगी ऑर्थ आणि रेहमी पोस्ट यांनी कापडात वीज खेळवायचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी वापरलेलं एक कापड रेशमी ऑर्गान्झा होतं. एका दिशेला साधं रेशीम आणि दुसऱ्या दिशेला तांब्याची पत्री वेढलेलं रेशीम. असं कापड भारतात कितीतरी वर्षं विणलं जातंय, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांनी एक गाणारं जॅकेट केलं होतं, छातीवर भरतकामाची बटणं असलेलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की मी लेकीच्या विषयात लुडबुड करतेय.

आता जे सांगणार आहे ते उशीत शेवटी नाहीये, तरी पाच महिन्यांतले माझे सगळ्यांत आवडते दहा-बारा दिवस तेच. कापडाचाच स्पीकर करायचा.

स्पीकरमध्ये असतं काय? तारेचं एक वेटोळं, एक चुंबक आणि हलणारा पडदा. वेटोळ्यातून गाण्याची वीज गेली की चुंबक त्याला ओढतं-ढकलतं, वेटोळ्याबरोबर पडदा हलतो, पडद्याबरोबर हवा. मग पडदा कापडाचा का नको? मोटर रिवायंडिंगच्या दुकानात गेले. आपल्याकडे शेतीपंपांमुळे अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथल्या दादांना ३६ गेजची वायंडिंग वायर थोडी द्या म्हटलं. त्यांनी वजन करून दिली आणि विचारलं, "वहिनी, कुठली मोटर एवढी बारकी?" मी म्हटलं, उशी आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

या तारेचा अडथळा मीटरभर लांबीमागे अर्ध्या ओहमहून थोडा जास्त, म्हणजे ४ ओहमचं वेटोळं करायला साधारण ७ मीटर तार. मी मलमल भरतकामाच्या रिंगेत घट्ट ताणलं, मधोमध रुपयाएवढं गोल आखलं आणि तिथून बाहेर तार फिरवायला लागले. तार सुईत ओवायची नाही, कापडावर नुसती ठेवायची आणि साध्या सुती दोऱ्याने वरून बारीक टाके घेत टाचत जायची, जशी आपण जरदोसीत तार बसवतो. प्रत्येक फेरा आधीच्याला लागून पण त्याच्यावर न चढता. असे कितीतरी फेरे, प्रत्येक बोटभर अंतरावर टाका. दोन रात्री लागल्या. तारेच्या दोन्ही टोकांवरचं व्हार्निश ब्लेडने खरवडलं, लेकीने तिथं डाग दिला, खाली जुन्या स्पीकरचं चुंबक धरलं आणि बाजा चालू केला.

कापड गायला लागलं. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला. डासाएवढा आवाज, पण गाणं ओळखू येत होतं. आक्कांच्या कानाशी रिंग नेली तर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग रिंगेवर बोटं फिरवून म्हणाल्या, "कापडच हाय की ह्ये नुसतं."

त्या आवाजात एक झर्र अशी कुरकूर होती. स्वर उंच गेला की झर्र. ती काही केल्या जाईना. शेवटी रिंग पिशवीत घालून मी सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हा मिरजकरांना ते कानाने आधीपासून माहीत आहे. त्या गल्लीतून जाताना कुठल्या ना कुठल्या दारातून तार जुळवल्याचा आवाज येतोच. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. एका वयस्कर कारागिरांच्या मुलीचे ब्लाउज मी शिवते, त्या ओळखीवर त्यांच्यापुढं बसले.

त्यांनी रिंग हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि बाजूचा तंबोरा पुढं ओढला. घोडीवर तारेखाली एक सुती दोरा होता, आपल्या शिवणाच्या दोऱ्यासारखाच. त्यांनी तार छेडली. भरलेला, गुंजणारा आवाज, तंबोऱ्याचा असतो तसा. मग नखाने दोरा केसभर पुढं सरकवला आणि पुन्हा छेडली, तर आवाज कोरडा, ठक्क. मागं केसभर, आणि पुन्हा सगळं खुललं. "ही जवारी," ते म्हणाले. "तार घोडीला हलकीच घासत राहते म्हणून गुंजते. इथं ती आम्हाला हवी असते. तुमच्यातही तार कुठंतरी अशीच घासतेय, फक्त तिथं ती नको आहे." मग म्हणाले, बाजा चालू ठेवा आणि बोटाने एकेक फेरा दाबत जा, जिथं झर्र थांबेल तिथं टाका सुटलाय.

घरी येऊन तसंच केलं. बाहेरून सहाव्या फेऱ्यावर बोट ठेवलं आणि कुरकूर बंद. दोन टाक्यांच्या मधे तार बोटभराऐवजी दोन बोटं मोकळी राहिली होती. एक टाका घातला. संपलं.

तरीही तो स्पीकर उशीत गेला नाही. रिंगेत ताणलेलं कापड ढोलकीच्या पानासारखं असतं म्हणून गातं. रिंग काढून उशीवर पसरलं की ते सैल पडतं आणि आवाज विरतो. रिंग ठेवावी तर ती गालाला टोचते. बकरम लावून बघितलं, फोम लावून बघितलं. आठवडाभर मी त्याच्याशी झगडले आणि मग रिंग भिंतीला टांगून ठेवली. अजून तिथंच आहे. (कापडाला आवाज ऐकू येईल असंही काम झालेलं आहे. एमआयटीतल्याच योएल फिंक यांच्या गटाने २०२२ मध्ये विणता येणारा एक तंतू केला, आवाजाने कापड थरथरलं की तो वीज देतो, छातीच्या ठोक्यांचीसुद्धा. लेकीला पुढं यातच काही करायचंय.)

शेवटी जुन्या मोठ्या हेडफोनच्या चकत्या कामाला आल्या. लक्ष्मी मार्केटजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात मोडके हेडफोन होते, दोन जोड्या शंभर रुपयांत मिळाल्या. आतली चकती ४ सेंटिमीटरची, बोटभरसुद्धा जाड नाही, वजनाला पिसासारखी, आणि अडथळा ३२ ओहम. तिला ताकदही थोडीच लागते, कारण कान तिच्यावरच टेकलेला असतो. वायर म्हणून हेडफोनचीच, ती जरीसारखी.

चकत्या बसवायच्या कुठं? मी मापाची टेप घेऊन मध्य काढत बसले होते. मग आक्कांचा धुवायला टाकलेला अभ्रा हातात आला. तेलाचा डाग उशीच्या मधोमध नव्हताच. भिंतीकडच्या बाजूला, वरच्या कडेपासून वीतभर खाली, दोन गोल डाग होते, एक गडद आणि एक फिका. आक्का डाव्या कुशीवर जास्त झोपतात, म्हणून एक गडद. डोकं कुठं असतं ते त्या डागांनी इतकं नेमकं सांगितलं की मी तोच अभ्रा नव्या कापडावर ठेवून पेन्सिलीने गोल काढून घेतले.

रचना अशी केली. कापसाची उशी तशीच ठेवली. तिच्यावर एक पातळ गादीसारखं पान, दोन जुनेरं आणि मधे फलालीन, वाकळीसारखा धावदोरा घातलेलं. त्या पानात गोल कापून चकत्या बसवल्या, भोवती फेल्टचं कडं, म्हणजे हाताला नुसती मऊ उंचवट्यासारखी लागते. त्यावर अभ्रा. पान उशीला चारी कोपऱ्यांना बंदांनी बांधायचं.

गाणी वाजवायला लेकीने डीएफप्लेअर मिनी नावाची छोटी पाटी आणली, टपाल तिकिटाएवढी. तिच्यात मेमरी कार्ड बसतं आणि स्पीकर थेट जोडता येतो. दोन बटणं लावली की कॉम्प्युटर वगैरे काही लागत नाही. एका बटणाने पुढचं गाणं आणि दाबून धरलं की आवाज मोठा, दुसऱ्याने मागचं गाणं आणि दाबून धरलं की आवाज लहान. इथं स्टीलच्या दोऱ्याचे दिवस आले. बटणातून वीज अगदी नावापुरती जाते, त्यामुळं तीस ओहम काय आणि शंभर काय, फरक पडत नाही. दोन कापडी चकत्यांवर दोऱ्याने जाळी भरली, मधे भोक पाडलेला फेल्टचा तुकडा ठेवला, दाबलं की वरची जाळी भोकातून खालच्या जाळीला टेकते. सगळं मऊ बटण! पुढच्या गाण्याच्या बटणावर गाठीच्या टाक्यांचं फूल भरलं, मागच्या गाण्याच्या बटणावर इरकलीच्या काठाचा तुकडा शिवला. डोळ्यांशिवाय ओळखू येण्यासाठी.

ही बटणं मी उशीच्या कोपऱ्यावर लावली होती, ही माझी चूक. तिसऱ्या रात्री आक्का झोपेत सरकल्या, गाल बटणावर आला आणि तसाच राहिला. आवाज वाढत वाढत शेवटाला गेला. रात्री दीड वाजता आक्का दचकून उठून बसल्या, छातीवर हात ठेवून. त्यांना दिसत नाही, आवाज कुठून येतोय ते कळेना. मी धावत आले तेव्हा त्या घाबरून माझं नाव घेत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या माणसासाठी वस्तू करतो तो झोपेत काय करील याचा विचार मी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी बटणं काढून एका कापडी पट्टीवर घेतली. ती पट्टी आता खाटेच्या कडेला, हात सहज पडतो तिथं लोंबते. लेकीने कार्डावरच्या सगळ्या गाण्यांचा आवाजही कमी करून घेतला, म्हणजे पूर्ण वाढवला तरी दचकायला होणार नाही.

विजेचं तर त्याहून गंभीर. लेकीने सुरुवातीला चपटी लिथियमची बॅटरी घेतली होती, उशीत मावते म्हणून. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं आणि तिनेही नंतर वाचून मान्य केलं. तसली बॅटरी वाकली, टोचली गेली किंवा तापली तर पेट घेऊ शकते. कापूस, आणि त्यावर न दिसणाऱ्या माणसाचं डोकं. प्रश्नच नाही. मग पॉवर बँक खाटेखाली ठेवून बघितली. ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडायची, कारण एवढ्याशा विजेला ती काही जोडलेलंच नाही असं समजते. शेवटी तीन पेन्सिल सेलचा साधा डबा, कापडी पिशवीत, खाटेच्या पायाला बांधलेला. पाटीही त्याच पिशवीत. रोज दोनेक तास वाजवून सेल पंधरा दिवस जातात. उशीत आता फक्त दोन चकत्या आणि वायर.

कुणी करणार असेल तर आणखी एक सांगते. चकतीत चुंबक असतं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या यजमानांसाठी अशी उशी मागितली होती, त्यांना पेसमेकर आहे. मी नाही म्हटलं. पेसमेकरच्या जवळ चुंबक नको असतं, आणि झोपेत उशी छातीशी कवटाळणारी माणसं असतात.

धुण्याचं कोडं मात्र मी एकटीने सोडवलं आणि त्याचा मला अभिमान आहे. लेक प्लग-सॉकेट शोधत होती, सगळे टणक. मी म्हटलं, टिचबटणं लाव की. धातूची टिचबटणं, ब्लाउजला लावतो ती. दोन भाग दाबून बसले की वीज पार होते, ओढले की सुटतात. पट्टीचं टोक टिचबटणांनी पानाला लागतं. उलटसुलट लागू नये म्हणून एका जागी खालचा भाग नर आणि दुसऱ्या जागी मादी, म्हणजे चुकीचं बसूच शकत नाही, आक्कांनी स्वतः अंधारात लावलं तरी. पहिली टिचबटणं मुलामा दिलेल्या लोखंडाची होती, बोअरच्या पाण्यात चार धुण्यांत गंजली आणि आवाज तुटायला लागला. गणपती पेठेतून पितळी आणली. अभ्रा दर आठवड्याला धुतला जातो, पान महिन्यातून एकदा, चकत्या काढून. त्यासाठी चकत्यांच्या मागे खिसा ठेवलाय. मी प्रत्येक धुण्यानंतर बटणांच्या दोऱ्याचा ओहम वहीत लिहिते. स्टीलचा दोरा जसा होता तसा आहे. चांदीच्या मुलाम्याचा एक दोरा तुलनेसाठी शिवला होता, तो सातव्या धुण्याला काळवंडला आणि अडथळा दुप्पट झाला.

आता त्या उशीत काय वाजतं ते. हरिपाठ होताच. आक्कांना हव्या होत्या त्यांच्या बहिणीच्या जात्यावरच्या ओव्या. मावशी जत तालुक्यात राहतात, दोघी बहिणींची भेट वर्षातून एकदा झाली तर झाली. आम्ही मे महिन्यात गेलो. मावशींचं घर पत्र्याचं, रेकॉर्ड केलं की आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमायचा. कापूस आवाज पितो हे पहिल्या उशीने शिकवलं होतं, ते इथं कामाला आलं. खाट उभी करून तिच्यावर दोन वाकळा टाकल्या, तिसरी मावशींच्या आणि माझ्या डोक्यावरून घेतली आणि आत मोबाइल धरला. आवाज एकदम जवळचा, स्वच्छ झाला. पण मावशींना ओवी सुचेना. खरं जातं फिरवलं तर घरघर सगळं गिळते, आणि जात्याशिवाय ओवी येत नाही. मग त्यांनीच उपाय काढला. मूठ वळली आणि माझ्या गुडघ्यावर ठेवून जात्याच्या खुंट्यासारखी गोल फिरवायला लागल्या. दोन फेऱ्यांत पहिली ओवी आली. मेच्या दुपारी वाकळीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या, पण त्या चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. मधेच माहेरच्या विहिरीचं नाव आलं तेव्हा थोडा आवाज कापला, तेही तसंच ठेवलंय.

लेकीने सगळं कार्डावर टाकलं आणि क्रम विस्कटला, हरिपाठाच्या मधे ओवी. ती पाटी नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमाने कार्डावर उतरवलं त्या क्रमाने वाजवते. कार्ड कोरं करून एकेक फाइल क्रमाने टाकल्यावर बरोबर झालं. बंद करून चालू केलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, हा दोष लेकीला खटकत होता. आक्का म्हणाल्या, "असू दे की. हरिपाठ रोज पयल्यापासनंच म्हणायचा असतोय."

ओव्या पहिल्यांदा वाजल्या त्या रात्री मी दाराशी उभी होते. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. लेक शेजारी गाढ झोपली होती. आक्का डाव्या कुशीवर होत्या आणि त्यांची उजवी मूठ चादरीवर हळूहळू गोल फिरत होती.

आता दुसरी करतेय. आक्कांनी त्या रात्रीनंतरच्या सकाळी विचारलं होतं, "तिचा आवाज मला आला, माझा तिला कोण धाडणार?" गेल्या रविवारी आक्कांच्या अकरा ओव्या घेतल्या, घरातल्याच वाकळीखाली. पण मावशी उशी घेत नाहीत, हाताची घडी करून डोक्याखाली घेतात, लहानपणापासून. पांघरूण मात्र बाराही महिने डोक्यावरून. म्हणजे चकत्या वाकळीच्या डोक्याकडच्या काठात बसवाव्या लागतील, आणि वाकळ झोपेत फिरते, डोक्याकडची बाजू पायाकडे जाते. काठ हाताला ओळखू येण्यासाठी तिथं जाड गोट शिवून बघतेय. लेक म्हणते चारी काठांना चकत्या घालू. त्याने वाकळ जड होईल. मावशींना विचारायला पाहिजे, त्या पांघरूण कुठल्या हाताने ओढतात.